कुलपातलं चाक

झ्विफ्ट या घरात बसून खेळायच्या ऑनलाइन सायकलिंग गेममधली शर्यत सुरू व्हायला सहा मिनिटं उरली होती. पंखा लावून झाला होता, टॉवेल हँडलवर टाकला होता, पाय गरम करायला मी सावकाश पेडल मारत होते. तेवढ्यात गटातल्या एका नव्या मुलीचा मेसेज आला. "ताई, तुम्ही सांगितलेलं डिस्कचं चाक मला दिसतंय, पण त्याच्यावर कुलूप आहे." सोबत स्क्रीनचा फोटो होता. काळं, भरीव, देखणं चाक आणि त्याच्या कोपऱ्यात ते इवलंसं कुलूप. अजून कितीतरी पातळ्या वर चढल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. मी लिहिलं, "जे उघडं आहे ते घे आणि निघ."

ती निघाली. साधी टीटी सायकल, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने धावायच्या टाइम ट्रायलसाठीची, आणि नेहमीची चाकं घेऊन निघाली. सपाट रस्ता, प्रत्येकजण एकटा, कुणाच्या आडोशाला लपायची सोय नाही. उंची-वजनात आम्ही दोघी जवळजवळ सारख्या. शर्यत संपल्यावर आकडे पाहिले तर तिने सरासरी माझ्यापेक्षा तीन वॅट जास्त ताकद लावली होती, आणि चार सेकंदांनी मी पहिली आले होते.

ते चार सेकंद मी कमावलेले नव्हते. वर्षानुवर्षं झ्विफ्टवर सायकल चालवून गेममधलं माझं गॅरेज सायकली-चाकांनी भरलं होतं, ते चार सेकंद त्या गॅरेजचं मोल होतं. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आभासी सायकलिंगमध्ये 'सगळ्यात वेगवान टीटी सायकल कुठली' हा प्रश्न सगळे विचारतात, आणि त्याची उत्तरंही भरपूर आहेत. पण ती सायकल कुणाच्या हातात पडू शकते, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. माझं म्हणणं असं आहे, की वेळ मोजून विजेता ठरवणाऱ्या आभासी शर्यतीत गेममधल्या सगळ्या सायकली आणि सगळी चाकं सुरुवातीच्या रेषेवर सगळ्यांना खुली असली पाहिजेत. निवड ज्याची त्याने करावी, पण कुलूप नको.

हा चार हौशी लोकांचा घरगुती वाद राहिलेला नाही. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, डिसेंबर २०२० मध्ये आभासी सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झ्विफ्टच्या वाटोपिया या काल्पनिक बेटावर घेतली आणि विजेत्यांना खरी इंद्रधनुषी जर्सी दिली. ऑलिम्पिक समितीने २०२१ च्या आभासी मालिकेत सायकलिंग घेतलं. जिथे जर्सी आणि किताब दिले जातात तिथे सामान कसं वाटायचं हा प्रश्न सार्वजनिकच असतो.

आधी हे चाक इतकं का महत्त्वाचं ते नीट पाहू, कारण ते कळल्याशिवाय कुलपाचं ओझं कळत नाही.

एक सायकलस्वार घ्या. वजन ७५ किलो, सायकल ८ किलोची, पाय सलग ३०० वॅट देतायत. सपाट रस्त्यावर तो साधारण ताशी ४३ किलोमीटरने जाईल. त्या ३०० वॅटमधले २६० च्या आसपास निव्वळ हवा बाजूला सारण्यात जातात. टायर रस्त्याला घासतं त्याला चाळीसेक वॅट लागतात, बस. आता या स्वाराचा हवेचा रोध एका टक्क्याने कमी करा. तासाभरात त्याचे अकरा-बारा सेकंद वाचतात. त्याऐवजी सायकलचं एक किलो वजन काढून टाका. तासाभरात वाचतात जेमतेम दोन सेकंद. म्हणजे सपाटीवर हवेतला एक टक्का पाच किलो वजनाला भारी पडतो. म्हणूनच सपाट टाइम ट्रायलला जड, पण वारा कापणारी टीटी फ्रेम घ्यायची आणि मागे डिस्क लावायची. गेममधल्या वाळवंटातून जाणाऱ्या टेम्पस फ्युजिटसारख्या मार्गावर तर दुसरा विचारच नको. सव्वासतरा किलोमीटरमध्ये तिथे चढ म्हणावा असा चढ नाही.

तोच स्वार आल्प द्यू झ्विफ्ट या गेममधल्या डोंगराच्या पायथ्याशी नेऊन उभा करा. १२.२ किलोमीटर, सरासरी साडेआठ टक्के चढ, एकवीस वळणं. तेच ३०० वॅट, पण वेग ताशी साडेचौदा किलोमीटर. इथे हवेत जातात फक्त दहाएक वॅट, बाकी सगळी ताकद स्वतःला वर उचलण्यात खर्च होते. हवेच्या रोधातला एक टक्का पन्नास मिनिटांच्या चढाईत एक सेकंद देतो. एक किलो वजन कमी केलं तर मिळतात तेहतीस सेकंद. सपाटीवरची राणी इथे पायातलं लोढणं होते.

खरी मजा या दोन टोकांच्या मधे आहे. बोलोन्याचा मार्ग घ्या. २०१९ च्या जिरो दितालियाची, म्हणजे इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीची, पहिली टाइम ट्रायल याच रस्त्यावर झाली, प्रिमोझ रोग्लिचने ती जिंकली, आणि त्याच वर्षी तो मार्ग झ्विफ्टमध्येही आला. एकूण ८ किलोमीटर. पहिले जवळजवळ सहा किलोमीटर सपाट, मग सान लूकाच्या देवळाकडे चढणारा दोन किलोमीटरचा उभा रस्ता, सरासरी साडेनऊ टक्क्यांच्या वर. पहिल्यांदा पाहणारा माणूस म्हणतो, तीन चतुर्थांश रस्ता सपाट आहे, घ्या टीटी सायकल. पण घड्याळ रस्त्याची लांबी मोजत नाही. आपला ३०० वॅटवाला सपाटीचे सहा किलोमीटर आठ-सव्वाआठ मिनिटांत संपवतो आणि वरच्या दोन किलोमीटरला सव्वानऊ-साडेनऊ मिनिटं घेतो. शर्यतीचा अर्ध्याहून जास्त वेळ चढावर जातो! हिशेब केला तर या मार्गावर एक किलो वजन हवेच्या साधारण चार टक्क्यांइतकं भरतं. म्हणजे टीटी सायकल आणि हलकी सायकल यांच्यातला फरक किती किलोंचा, किती टक्क्यांचा आणि स्वाराची ताकद किती, यावर उत्तर फिरतं. जो चढ भराभर चढतो त्याचं उत्तर एक, जो रखडतो त्याचं दुसरं. इथे डोकं लागतं, आणि मला टाइम ट्रायलमधला हा भाग पेडल मारण्याइतकाच प्रिय आहे.

गेमचे स्वतःचेही काही नियम आहेत, ते कळले नाहीत तर चांगली सायकल घेऊनही माणूस मागे पडतो. झ्विफ्टमध्ये टीटी सायकलवर बसलात की एरवी दुसऱ्याच्या मागे लपण्याचा, ड्राफ्टचा, फायदा मिळत नाही. म्हणून एकट्याने धावायच्या शर्यतीत जी सायकल सर्वोत्तम तीच घोळक्याच्या शर्यतीत सगळ्यात वाईट. उतारावर पेडल थांबवून सायकलच्या दांडीवर अंग दुमडून बसायची जी सुपरटकची सोय आहे, तीही टीटी सायकलला नाही. आणि सायकल बदलायची तर गेममध्ये थांबावं लागतं. २०२० च्या टूर द फ्रान्समध्ये ला प्लांश दे बेल फीयच्या चढाखाली तादेय पोगाचारने टीटी सायकल टाकून साधी घेतली, २०२३ च्या जिरोमध्ये मोंते लुसारीच्या पायथ्याशी रोग्लिचने तेच केलं. त्यांना पळत येऊन ढकलणारा मेकॅनिक होता. आपल्याला पडद्यावर पूर्ण थांबून मेनू उघडावा लागतो, आणि छोट्या शर्यतीत तेवढ्यात सगळा हिशेब कोसळतो.

काही गोष्टी उलट सोप्याही होतात. रस्त्यावर डिस्क लावताना आडव्या वाऱ्याची धास्ती असते. अंग दुमडून तासभर बसलं की मांड्या, मान, कंबर सगळं बोलायला लागतं आणि वॅट घसरतात. आभासी जगात वारा वाहत नाही. तिथे तुम्ही प्रत्यक्षात ताठ बसून पेडल मारता आणि पडद्यावरची बाहुली मात्र एरो बारवर, म्हणजे कोपरं टेकायच्या पुढच्या हँडलवर, दुमडून बसलेली असते. तिचा हवेचा रोध ठरतो तुम्ही भरलेल्या उंची-वजनावरून आणि तुम्ही निवडलेल्या सामानावरून. रस्त्यावरच्या टाइम ट्रायलमध्ये माणसाची बसण्याची ढब हा सगळ्यात मोठा वाटा असतो, तो इथे जवळपास उरतच नाही. म्हणजे शरीर जिथे जिथे फरक पाडू शकलं असतं त्यातल्या बऱ्याच जागा गेमने बंद केल्या, आणि त्यामुळे सामानाचं महत्त्व आपोआप वाढलं. अशा ठिकाणी सामानालाच कुलूप घातलं, तर शर्यत सुटण्याआधीच काही सेकंद वाटून झालेले असतात.

आता ते कुलूप कसं उघडतं ते बघा. झ्विफ्टच्या दुकानात सायकली आणि चाकं विकत घ्यायला जे चलन लागतं त्याला ड्रॉप्स म्हणतात, घामाचे थेंब. सायकल चालवाल तसे थेंब साठतात, पातळी वाढते, आणि ठरावीक पातळीला ठरावीक वस्तू उघडतात. कॅडेक्स ट्रायसारखी फ्रेम, झिप किंवा डीटी स्विसची डिस्क असलेली चाकं, ही जी नावं बराच काळ टीटीच्या यादीत वर राहिली, ती पहिल्या आठवड्यात कुणाच्याच हाती येत नाहीत. २०२४ पासून तर हातात असलेली सायकलसुद्धा तीच पुन्हा पुन्हा चालवून टप्प्याटप्प्याने अधिक वेगवान करता येते. शिडी आणखी लांब झाली.

यावर मला पहिलं उत्तर नेहमी हेच मिळतं, की यात गैर काय? ज्याने जास्त घाम गाळला त्याला चांगलं सामान. कष्टाचं फळ.

हे म्हणणं ऐकायला न्यायाचं वाटतं, आणि रोजच्या सायकलिंगसाठी मला ते मान्यही आहे. थंडीत, कंटाळा आलेला असताना, नवी सायकल मिळणार म्हणून माणूस अर्धा तास जास्त चालवतो. त्याने किती जणांना सवय लागली आहे ते मी जवळून पाहिलं आहे. पन्नास हजार मीटर चढून जी चकाकत्या चाकांची ट्रॉन सायकल मिळते, ती मिळाली त्या दिवशी मीही घरभर सांगत फिरले होते. पण कष्टाचं फळ शर्यतीत आधीच मिळालेलं असतं. पाच वर्षं घाम गाळला तर पायात ताकद येते, दम वाढतो, वेगाचा अंदाज येतो. तेच तर फळ. त्यावर गेमने पुन्हा चाकाची भेट दिली की त्याच घामाचे दोनदा पैसे मिळाले. आणि ज्या मुलीने बाहेर रस्त्यावर दहा वर्षं सायकल चालवली आणि गेममध्ये गेल्या महिन्यात आली, तिचा घाम मोजलाच गेला नाही. इथे मोजला जातो तो कष्ट नाही. मोजली जाते ती एका विशिष्ट गेममधली जुनी ओळख.

ही ओळख किती महाग पडू शकते याचं उदाहरण २०१९ सालीच समोर आलं. ब्रिटिश सायकलिंगने झ्विफ्टवर घेतलेल्या पहिल्या राष्ट्रीय ई-रेसिंग स्पर्धेच्या विजेत्याचा किताब काही महिन्यांनी काढून घेतला गेला. कारण काय, तर त्याने शर्यतीत ज्या ट्रॉन सायकलवर विजय मिळवला, ती मिळवण्यासाठीचे चढ स्वतः चढले नव्हते. संगणकाच्या प्रोग्रामकडून खोटी रपेट करवून ती सायकल उघडली होती. सहा महिन्यांची बंदी आणि २५० पौंडांचा दंड झाला. त्याचं चुकलंच, त्यात मला काही शंका नाही. खोट्या रपेटीला माफी असू नये. पण त्या निकालाने एक गोष्ट कायमची कबूल झाली. पडद्यावरची सायकल ही नुसती शोभा नसून स्पर्धेतला खरा फायदा आहे, इतका खरा की त्यासाठी राष्ट्रीय किताब काढून घेता येतो. मग असा फायदा एकाला उघडा आणि दुसऱ्याला बंद ठेवून शर्यत लावायची, आणि तिला राष्ट्रीय स्पर्धा म्हणायचं, हे कसं चालतं? सगळ्यांना ती सायकल त्या सकाळी उपलब्ध असती तर प्रोग्रामने चोरण्यासारखं काही उरलंच नसतं.

दुसरा आक्षेप जरा जास्त वजनदार आहे. खऱ्या जगात तरी कुठे सगळ्यांकडे सारखी सायकल असते? पैसेवाल्याकडे कार्बन, बाकीच्यांकडे ॲल्युमिनियम. आभासी जगाने उगाच साधुत्व का घ्यावं?

याला माझं उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग साधा आहे. खरं डिस्क व्हील बनवायला कार्बनचे थर लागतात, साचे लागतात, माणसं लागतात, म्हणून ते महाग. गेममधलं चाक एकदा बनवलं की दुसऱ्याला द्यायला काहीही लागत नाही. खऱ्या जगातली टंचाई आपल्याला टाळता येत नाही. इथली मुद्दाम निर्माण केलेली आहे, म्हणून ती काढूनही टाकता येते.

दुसरा भाग सायकलिंगच्या इतिहासातला आहे, आणि मला वाटतं तो फार शिकवून जातो. एका तासात किती अंतर कापता येतं याचा जो विक्रम आहे, त्याने यंत्र आणि माणूस यांचं भांडण जितकं जवळून पाहिलं तितकं कशानेच पाहिलं नाही. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले. १९९३ मध्ये ग्रॅमी ओब्री नावाच्या स्कॉटिश माणसाने स्वतः बनवलेल्या सायकलवर, जिच्यात धुलाई यंत्राचं बेअरिंग बसवलं होतं, हात छातीखाली घेऊन ५१.५९६ केले. पुढच्याच वर्षी त्याच्या बसण्याच्या ढबीवर बंदी आली. मग त्याने हात पुढे ताणून बसायची सुपरमॅनची ढब शोधली. तीच वापरून १९९६ मध्ये ख्रिस बोर्डमनने ५६.३७५ किलोमीटर कापले. त्याच वर्षी लुगानो इथे यूसीआयने सनद काढली, की सायकलिंगमध्ये माणूस यंत्राच्या वर राहिला पाहिजे. २००० साली नियम आला की तासाचा विक्रम मर्क्सच्या काळातल्या धाटणीच्या सायकलवरच धरला जाईल. बोर्डमन पुन्हा उतरला आणि ४९.४४१ वर थांबला. मर्क्सपेक्षा फक्त दहा मीटर पुढे! चार वर्षांचं अंतर होतं हे खरं, पण माणूस तोच, फुप्फुसं तीच, आणि दोन सायकलींमध्ये जवळजवळ सात किलोमीटरचा फरक.

शेवटी २०१४ मध्ये यूसीआयला हेही कळलं की सगळ्यांना जुन्या सायकलवर बसवणं हा उपाय नाही. नवा नियम साधा होता. त्या त्या काळात ट्रॅकवर ज्या सायकली नियमात बसतात, त्यातली कुठलीही घ्या. २०२२ मध्ये फिलिपो गान्नाने अशाच सायकलवर ५६.७९२ केले आणि ते कुणालाही खटकलं नाही. यूसीआयच्या नियमावलीत आणखी एक कलम आहे: शर्यतीत वापरायचं सामान बाजारात सगळ्यांना मिळू शकेल असं हवं. ते महाग असेल, पण एखाद्यालाच मिळेल आणि दुसऱ्याला मागूनही मिळणार नाही, असं नको. चाळीस वर्षांच्या भांडणातून वर आलेलं हे शहाणपण आहे, आणि झ्विफ्टच्या नेहमीच्या शर्यतींत ते गळून पडलं आहे. तिथे पैसे दिले तरी चाक मिळत नाही. महिने द्यावे लागतात.

१९८९ च्या टूरची शेवटची टाइम ट्रायल लोकांना आठवते ती आठ सेकंदांसाठी. ग्रेग लेमाँड एरो बारवर झुकून व्हर्सायहून पॅरिसला आला, ५० सेकंदांची पिछाडी २४.५ किलोमीटरमध्ये भरून काढली आणि लॉराँ फिन्यों आठ सेकंदांनी टूर हरला. फिन्योंने ते एरो बार लावले नव्हते, डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. तीन आठवडे तो लेमाँडच्या त्या हँडलकडे बघत होता, आधीची एक टाइम ट्रायल लेमाँडने त्यावरच जिंकली होती. ते हँडल त्याला कुणी नाकारलं नव्हतं. म्हणून त्या आठ सेकंदांबद्दल आपल्याला हळहळ वाटते, पण अन्याय वाटत नाही. त्याच्या हँडलवर कुलूप असतं तर ती शर्यत आज कुणीच अशी आठवली नसती.

काही जण यातून दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, मग सगळ्यांना एकच सायकल द्या आणि प्रश्न मिटवा. काही आभासी शर्यतींत आयोजक तसं करतातही. निव्वळ ताकद तपासायची असेल तेव्हा ते ठीक आहे. पण बोलोन्याच्या मार्गावर सगळ्यांना एकच सायकल दिली तर ती टीटी द्यायची की हलकी? कुठलीही दिली तरी कुणाच्या तरी शरीराला ती जास्त जमणार. ५२ किलोची चढाई करणारी मुलगी आणि ८५ किलोचा सपाटीचा गडी यांना एकच सायकल देणं म्हणजे दोघांना एकाच मापाचे बूट देणं. आणि मार्ग बघून सामान ठरवणं हे टाइम ट्रायलवाल्याचं अर्धं कसब आहे. ते मला गमवायचं नाही. म्हणून मी एकच सायकल मागत नाही, उघडं गॅरेज मागते. शर्यतीच्या वेळेपुरतं, फक्त त्या स्पर्धेसाठी सगळी कुलपं निघावीत. शर्यत संपली की ज्याचं गॅरेज त्याच्याकडे जसं होतं तसं. रोज चालवणाऱ्याला नवी सायकल मिळण्याचा आनंदही तसाच राहतो. कुणाचं काहीही जात नाही.

हे झालं तर आयोजकांचा वेळही योग्य ठिकाणी लागेल. आभासी शर्यतीतली खरी गडबड चाकात नसतेच, ती आकड्यांत असते. वर मोजला तोच स्वार पुन्हा घ्या. ट्रेनर, म्हणजे घरात सायकल बसवून वॅट मोजणारं यंत्र, बनवणाऱ्या कंपन्या अचूकतेचा दावा करतात तो साधारण एक ते अडीच टक्क्यांचा. सपाटीवर एक टक्का वॅट म्हणजे तासाला तेरा सेकंद. एकाचा ट्रेनर दोन टक्के चढा दाखवतो आणि दुसऱ्याचा दोन टक्के कमी, दोघंही प्रामाणिक, तरी तासाभरात त्यांच्यात पाऊण मिनिटाहून जास्त अंतर पडलेलं असतं. जगातल्या कुठल्याही डिस्कने हे अंतर भरून निघणार नाही. आल्पवर दोन किलो वजन कमी भरलं तर मिनिटभराहून जास्त वाचतं. उंची कमी टाकली की बाहुली बुटकी होते, हवेचा रोध कमी होतो, आणि हे तपासायला कुणी येत नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये कॅमेऱ्यासमोर वजन करायला लावतात, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर वॅट नोंदवायला लावतात. पण हौशी शर्यतींत, जिथे आपल्यातले बहुतेक लोक धावतात, तिथे हे सगळं भिडेवर चालतं. आम्ही आमच्या छोट्या गटात दोन साध्या गोष्टी पाळायला लागलो. शर्यतीच्या दिवशी सकाळी वजनकाट्याचा फोटो टाकायचा, आणि ट्रेनर किमान दहा मिनिटं गरम झाल्यावर त्याचं कॅलिब्रेशन करायचं. पहिल्याच आठवड्यात तिघांची वजनं बदलली. कुणी लबाडी करत नव्हतं. वर्षापूर्वी भरलेला आकडा कुणी बदललाच नव्हता, एवढंच. त्यात माझाही होता, सव्वा किलोने कमी.

गेम चालवणाऱ्यांची अडचण मला कळते. पातळ्या आणि कुलपं यांच्यामुळेच लोक परत परत येतात, त्यावर त्यांचं दुकान चालतं. म्हणून मी दुकान बंद करा म्हणत नाही. एखाद्या स्पर्धेत आयोजकाला सगळ्यांना एकच सायकल देता येत असेल, तर तेवढ्यापुरत्या सगळ्यांना सगळ्या सायकली देणं अशक्य असेल असं मला वाटत नाही. आणि ज्यांच्या हातात किताब आहेत, त्या राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही अट घातली, तर तीही मोडता येणार नाही. रस्त्यावरच्या सायकलचं किमान वजन ६.८ किलो असावं असं त्या ठरवू शकतात, मोज्यांच्या उंचीपर्यंतचे नियम त्या करतात. त्यांनी या एका कुलपाकडेही बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या गटापुरता मी एक तोडगा काढला. पुढच्या सपाट शर्यतीत सगळ्यांनी नवख्यांना उघडी असलेली टीटी सायकल आणि उघडी असलेली चाकंच घ्यायची. हा तोडगा अर्धवट आहे, त्यात निवड राहत नाही, हे मला माहीत आहे. त्या शर्यतीत ती मुलगी पहिली आली, मी तिसरी.

काही महिन्यांनी तिच्या गॅरेजमधलं ते कुलूप उघडलं. त्याच आठवड्यात आम्ही बोलोन्याचा मार्ग लावला होता आणि त्यासाठी सायकलीचं बंधन ठेवलं नव्हतं. आदल्या रात्री तिचा मेसेज आला. या वेळी फोटो वहीच्या पानाचा होता. एका बाजूला सपाट सहा किलोमीटर, दुसऱ्या बाजूला चढाचे दोन, दोन्हींखाली मिनिटं, त्याखाली डिस्क आणि हलकं चाक यांची वजनं, आणि एका आकड्याभोवती दोनदा ओढलेलं वर्तुळ. खाली लिहिलं होतं, "ताई, माझ्या वजनाला हलकंच चाक बरोबर येतंय ना?"

मी वही काढली आणि तिचे आकडे पुन्हा मांडायला बसले.